छोटानागपूरचा धडा

सामाजिक न्यायाची चाड ख्रिस्तसभेने केवळ पोपमहोदयांच्या परिपत्रकांतून जपली, असे आपण मानू नये. छोटानागपूरचा इतिहास वेगळे सांगतो. १८८५ साली बेल्जियन येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लिव्हन्स तोर्पा येथे आले, तेव्हा जमीनदार मुंडांच्या जमिनी बळकावीत होते व वेठबिगार लादीत होते. लिव्हन्स यांनी जमिनीचा कायदा अभ्यासला व मुंडांना खटल्यांत साह्य केले. १८९३ साली क्षयाने त्यांचे निधन झाले.

खटले जिंकूनही मूळ दुखणे उरलेच. कारण गाव वसविणाऱ्या कुळांच्या सामायिक ‘खुंटकट्टी’ मालकीला कायद्यात पुरेसे स्थान नव्हते. १८९९-१९०० च्या बिरसा मुंडा यांच्या उठावात मिशनकेंद्रांवरही बाण सुटले. या असंतोषाचे मूळ जमिनीत आहे, हे फादर जॉन हॉफमन यांनी ओळखले व मुंडांची भूमिव्यवस्था शासनापुढे मांडली. १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. सावकारी पाशावर उपाय म्हणून १९०९ साली त्यांनी सहकारी पतपेढी स्थापिली.

२०१६ साली झारखंड विधानसभेने या कायद्यात दुरुस्ती संमत केली; तीव्र विरोधानंतर २०१७ मध्ये राज्यपालांनी विधेयक परत पाठविले. दानधर्म आपण करतोच. पण गरिबाचे शेत त्याच्याकडेच राहावे म्हणून कायदा शिकणे, हीही सेवाच होय.