डॉट वाययू कुठे गेलं? डोमेनचं एक्स्टेन्शन निवडण्याआधी थोडा इतिहास

संशोधनासाठी स्वतःची वेबसाइट करायला बसलात की पहिली अडचण नावाची येते. तुमच्या विषयाचं डॉट कॉम आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. मग नाव विकणारी कंपनी पर्याय दाखवते: डॉट आयओ, डॉट एआय, डॉट टीव्ही, डॉट एक्सवायझेड. आपण किंमत बघतो, कानाला कसं वाटतं ते बघतो आणि एक घेऊन टाकतो. घेण्याआधी त्या शेवटच्या अक्षरांचा इतिहास बघा, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी एक साधा फरक. तीन किंवा अधिक इंग्रजी अक्षरांची कॉम, ऑर्ग, एक्सवायझेड ही एक्स्टेन्शन्स कुठल्या देशाची नसतात. दोन अक्षरी मात्र देशांची किंवा प्रदेशांची असतात. आयएन आपलं. टीव्ही म्हणजे टेलिव्हिजन नव्हे, पॅसिफिकमधला तुवालू. एआय कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं. तुमच्या साइटचा या देशांशी संबंध नसला तरी तिचा पत्ता त्यांच्या भवितव्याला बांधलेला असतो.

आता प्रश्न असा, की देश कोणता हे ठरवणार कोण? इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात ही व्यवस्था जॉन पोस्टेल हे संगणकशास्त्रज्ञ बघत. त्यांनी हा वाद अंगावर घेतलाच नाही. आयएसओ ३१६६ ही देशांच्या कोडची तयार यादी त्यांनी वापरली. १९९४ च्या आरएफसी १५९१ या दस्तऐवजात कारणही दिलं आहे: कोण देश आहे आणि कोण नाही, हे ठरवणं आमचं काम नाही. तोडगा चांगला होता. पण देशच यादीतून गेला तर?

युगोस्लाव्हियाचं उदाहरण घ्या. डॉट वाययू १९८९ मध्ये सुरू झालं आणि त्याचा कारभार राजधानी बेलग्रेडमध्ये नव्हे, तर ल्युब्लियानामध्ये होता. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. म्हणजे देशाचं डोमेन त्या देशातून बाहेर पडलेल्यांच्या हाती राहिलं! १९९४ मध्ये ते बेलग्रेड विद्यापीठाकडे आलं. पुढे २००६ मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रो वेगळे झाले, २००७ मध्ये त्यांना आरएस आणि एमई ही नवी एक्स्टेन्शन्स मिळाली आणि ३० मार्च २०१० रोजी डॉट वाययू कायमचं बंद झालं.

इथे आपल्या कामाचा मुद्दा येतो. बाल्कन युद्धांच्या काळात त्या पत्त्यांवर बातम्या होत्या, विद्यापीठांची पानं होती. ज्यांनी वेळेत साइट हलवली ते वाचले, बाकीचे पत्ते एका दिवसात मेले. तळटिपेत डॉट वाययूची लिंक देणाऱ्या प्रत्येक प्रबंधात आता तिथे भिंत आहे. अनात बेन-डेव्हिड या संशोधिकेने नंतर या पुसल्या गेलेल्या वेबचा माग काढला. इंटरनेट आर्काइव्हकडे पानांच्या प्रती होत्या, पण पत्ता माहीत असल्याशिवाय त्या सापडणार कशा? म्हणून इतरत्र शिल्लक राहिलेले जुने पत्ते गोळा करण्यापासून सुरुवात करावी लागली. साधन जपलेलं असणं आणि सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा.

यावरून 'देश गेला की डोमेन जातं' असा सरळ नियम काढू नका. सोव्हिएत संघाचं डॉट एसयू १९९० मध्ये मिळालं, संघ १९९१ मध्ये संपला, तरी डॉट एसयू त्यानंतर अनेक दशकं चालूच राहिलं. यादीइतकाच कारभार कुणाच्या हातात आहे यालाही अर्थ आहे.

हा इतिहास अजून संपलेला नाही. डॉट आयओ म्हणजे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश, अर्थात चागोस बेटं. १९६५ मध्ये ब्रिटनने ती मॉरिशसपासून तोडली आणि १९६८ ते १९७३ दरम्यान दिएगो गार्सियावरच्या लष्करी तळासाठी तिथल्या लोकांना हलवलं. संगणकवाल्यांना इनपुट-आउटपुट वाटणाऱ्या अक्षरांमागे ही हकालपट्टी आहे. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी बेटांच्या सार्वभौमत्वाच्या करारावर सह्या केल्या. आयओ हा कोड कधी यादीतून निघालाच, तर डोमेन बंद करायला साधारण ५ वर्षांची मुदत आहे, ती १० पर्यंत वाढू शकते. वाययूच्या वेळी असं लिखित धोरण नव्हतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तुवालूने टीव्हीच्या पैशातून २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं. अँग्विलाच्या सरकारी महसुलाचा २०२३ मध्ये पाचवा हिस्सा एआयमधून आला. म्हणजे तुमची वार्षिक फी कुणाचं तरी बजेट चालवते.

मग निवडायचं काय? दोन अक्षरी घेत असाल तर ती कुणाची, नोंदणीला कोण पात्र, हे आधी वाचा. ब्रेक्झिटनंतर अपात्र ठरलेल्या ब्रिटनमधल्या हजारो लोकांची डॉट ईयू नावं अशीच गेली. मराठीत काम असेल तर २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत आहे. फक्त लिंक कॉपी केल्यावर ती कधीकधी एक्सएनने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत उमटते, तळटिपेत ते तपासा.

आणि एक्स्टेन्शन कुठलंही असो, लेखाला डीओआय घ्या आणि संदर्भ म्हणून दिलेलं प्रत्येक पान वेबॅक मशीनमध्ये जतन करून पाहिल्याची तारीख लिहा. आज रात्री तुमच्या प्रकरणातल्या दहा लिंका उघडून बघा. किती चालतात ते कळलं, की हे काम पुढे ढकलावंसं वाटणार नाही.