चारित्र्याची अट

कॉलेजाने विद्यार्थी निवडताना नुसते गुण पाहू नयेत, चारित्र्य आणि नेतृत्वही पाहावे, असे कोणी म्हटले की आपण सारेच माना डोलावतो. परंतु अमेरिकेतील हार्वर्डच्या दारात हे चारित्र्य कोणत्या वाटेने आले, ते एकदा पाहिले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील व्यवहार सरळ होता. प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण व्हावे, फी भरावी आणि वर्गात बसावे. जुन्या श्रीमंत घराण्यांची मुले अशीच येत. पुढे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुले सरकारी शाळांत शिकून त्याच परीक्षेला बसू लागली आणि उत्तीर्णही होऊ लागली. १९०० साली नव्या विद्यार्थ्यांत ज्यू शेकडा ७ च्या आसपास होते. १९२२ पर्यंत ते २१ च्या वर गेले.

विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना हे खटकले. ज्यू वाढले की इतर मुले निघून जातील, अशी त्यांची भीती. त्यांनी १९२२ मध्ये शेकडा १५ ची मर्यादा सुचवली, आणि तीही उघडपणे! वर्तमानपत्रांत गहजब झाला, समिती नेमली गेली आणि १९२३ मध्ये समितीने कोणताही भेदभाव नको असा निर्वाळा दिला. लोवेल हरले, असे कोणालाही वाटले असते.

पण १९२२ च्या शरद ऋतूतच प्रवेशाचा फॉर्म बदलला होता. अर्जदाराचा वंश कोणता, धर्म कोणता, आईचे माहेरचे आडनाव काय, वडिलांचा जन्म कोठला, आणि जन्मानंतर स्वतःचे किंवा वडिलांचे नाव बदलले आहे काय? असल्या प्रश्नांचा भूमितीशी काय संबंध, हे आम्हांस तरी उमगत नाही. १९२६ मध्ये नव्या विद्यार्थ्यांची संख्या १००० वर रोखली गेली, आणि निवडीत चारित्र्याला वजन आले. अर्जासोबत छायाचित्रही द्यावे लागू लागले. ‘ज्यू’ हा शब्द नियमात कोठेही नाही. तरी लोवेलना हवा होता तोच परिणाम घडला. चारित्र्य मोजायला फूटपट्टी नसते, हीच त्याची सोय.

गोमंतकाचे दामोदर धर्मानंद कोसंबी नेमके याच दशकात हार्वर्डला होते. ते १९२४ साली दाखल झाले आणि १९२९ मध्ये पदवीधर झाले.

पुढे लोवेल गेले, फॉर्ममधले ते प्रश्नही गेले. चारित्र्य मात्र राहिले. आशियाई वंशाच्या अर्जदारांच्या वतीने २०१४ मध्ये हार्वर्डवर खटला झाला, तेव्हा विद्यापीठाचे अंतर्गत शेरे कोर्टात आले. अभ्यासात वरचढ असलेल्या या मुलांना ‘व्यक्तिमत्त्वा’च्या रकान्यात सरासरीने कमी गुण मिळाले होते. खालच्या कोर्टाने २०१९ मध्ये हेतुपुरस्सर भेदभाव मानला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हार्वर्डच्या विरुद्ध निकाल दिला आणि प्रवेश देताना वंश विचारात घेण्याची पद्धत बंद केली. व्यक्तिमत्त्वाचा रकाना काढून टाकावा, असे मात्र त्या निकालात नाही.