बुधवार वाड्याची आग

ग्रंथालयात पुस्तके कशी आली, हे आपण आवर्जून नोंदवितो. ती कशी गेली, याची नोंद क्वचितच होते. शताब्दीच्या या मंगल प्रसंगी म्हणूनच पुण्यातील एका आगीचे स्मरण करावेसे वाटते.

लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ साली निघालेली पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर, बुधवार वाड्यात होती. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या आल्या होत्या. १३ मे १८७९ च्या रात्री हा वाडा आणि विश्रामबाग वाडा, दोन्ही पेटले. लाकडी खांब-तुळयांच्या अशा इमारतींत आगीस अडविणारे काय असणार? बुधवार वाडा भस्मसात झाला. ग्रंथसंग्रहाचीही मोठी हानी झाली.

ते दिवस दुष्काळाच्या झळांचे आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे होते. साहजिकच सरकारने या आगीत बंडाचा हात पाहिला. महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या विद्वान न्यायाधीशालाही तातडीने धुळ्यास पाठविण्यात आले. त्यांच्या टपालावर नजर राहिली. फडके पुढे निजामाच्या मुलखात, आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापुरी आले आणि जुलै १८७९ मध्ये शेजारच्या आजच्या विजयपूर जिल्ह्यात पकडले गेले. १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

परंतु आगीचे मूळ बंडात नव्हतेच. सरकारी पुस्तक भांडारातील रानडे याच आडनावाच्या एका नोकराने आपली अफरातफर झाकण्यासाठी ती लावल्याचे पुढे उघड झाले. आडनावापलीकडे त्याचा न्यायमूर्तींशी काही संबंध नव्हता. सरकार ज्याला राजद्रोह समजत होते, तो एका बिघडलेल्या हिशेबाचा धूर होता!

या घटनेतून आपण काय घ्यावे? संशयाने माणसे होरपळतात, हे तर खरेच. पण ग्रंथालयाच्या सेवकांस आणि सभासदांस आणखी एक बोध आहे. ग्रंथांचे वैरी वाळवी, ओल आणि आग एवढेच नव्हेत. न तपासलेली वहीही त्यांचा वैरी आहे. सीमाभागात मराठी ग्रंथ जपणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेने दाखलनोंदवहीस ग्रंथाइतकेच पवित्र मानावे. गेलेला ग्रंथ एखादे वेळी पुन्हा मिळेल. गेलेला विश्वास मिळणे कठीण.