मुंबईच्या धुराची मोजदाद

माझें लहानपण लालबागेस एका चाळींत गेलें. दोरीवर वाळत घातलेल्या आजोबांच्या धोतरावर काळे ठिपके दिसले, कीं आई म्हणे, "आज वारा गिरणीकडला आहे." हवा मोजण्याचें जें पहिलें यंत्र मीं पाहिलें, तें हेंच!

हवेची नोंद ठेवणें हें मुंबईला नवें नाहीं. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापिली, आणि १८४१ पासून तेथें चुंबकीय वेधांची पद्धतशीर नोंद होऊं लागली. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसूं लागलें. विजेच्या प्रवाहानें चुंबकसूची बिघडेल, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनीं त्या वेधांचें बिऱ्हाड समुद्रापलीकडे अलिबागेस हलविलें. लोखंड टाळून बांधलेल्या इमारतींत १९०४ पासून वेध सुरू झाले. सूचीची एवढी काळजी घेतली, हें योग्यच झालें. परंतु त्याच शहरांत गिरणगांवच्या माणसाच्या छातींत काय जात होतें, याची नोंद कोणत्या वहींत होत होती?

अगदींच कोणत्या नाहीं, असेंहि म्हणतां येत नाहीं. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं ताडदेवास गिरणीचा पाया घातला आणि पुढील पन्नास वर्षांत शहरावर धुरांड्यांचें रान माजलें. अखेर १९१२ सालीं मुंबई इलाख्यांत धूर-उपद्रवाचा कायदा झाला. त्या कामासाठीं मंडळ व निरीक्षक नेमण्यांत आले. अशा पाहणीचें त्या काळचें सर्वमान्य साधन म्हणजे पॅरिसचे प्राध्यापक रिंगेलमन यांचा १८८८ चा तक्ता. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या काढलेल्या असत. पहिल्या जाळींत शेंकडा २० भाग काळा, दुसरींत ४०, असें चौथींत ८० पर्यंत. तक्ता कांहीं अंतरावर धरला, म्हणजे रेघा एकमेकींत मिसळून करडा रंग दिसे. तो रंग धुरांड्याच्या धुराशीं ताडून पाहावयाचा, कीं झाली मोजणी!

युक्ति मोठी सुटसुटीत, आणि स्वस्तहि. पण काळोखांत ती निरुपयोगी, आणि गंधकापासून होणारा दाहक वायु तर डोळ्यांना दिसतच नाहीं. शिवाय निरीक्षक पाही तें धुरांड्याच्या तोंडाकडे. तो धूर कोणाच्या खिडकींत शिरला, हें तक्ता सांगत नसे.

माझ्या मतें मुंबईचा धूर कायद्यापेक्षां पाण्यानें अधिक हटविला. १९१५ सालीं खोपोलीहून टाटांची जलविद्युत् आली, आणि गिरण्यांच्या यंत्रांना कोळशाची गरज हळूहळू कमी होत गेली. बाष्पकांचीं धुरांडीं मात्र पुष्कळ वर्षें राहिलीं. १९८२ च्या संपानंतर तींहि एकेक थंड पडलीं. पण त्या स्वच्छतेचें मोल आमच्या चाळींनीं काय दिलें, तें येथें सांगत बसत नाहीं.

समुद्र सारा मळ वाहून नेतो, ही मुंबईकरांची जुनी समजूत आहे. दिवसां जमीन तापते, तिच्यावरील हवा वर चढते व समुद्रावरून खारा वारा आंत येतो. रात्रीं जमीन लवकर निवते व मतलई वारा सुटतो. भूगोलाच्या तासाला हें मीं शेंकडों वेळां शिकविलें. त्याचा धुराशीं असलेला संबंध मात्र मला फार उशिरां उमगला. मतलई वाऱ्यानें समुद्रावर गेलेला धूर दुसऱ्या दिवशीं खाऱ्या वाऱ्याबरोबर कांहीं अंशीं परत येतो! आणि हिंवाळ्यांत वारा मंद पडला, कीं रात्रीं सांचलेला धूर सकाळीं उशिरांपर्यंत हलत नाहीं.

आतां मोजणी यंत्रांनीं होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें 'सफर' ही योजना मुंबईंत २०१५ सालीं सुरू केली. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अशा अडीच मायक्रोमीटरांहून बारीक कण फुप्फुसांत खोल शिरतात. चोवीस तासांच्या सरासरीनें ते घनमीटर हवेंत ६० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक नसावेत, अशी आपली २००९ ची मर्यादा; जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं हीच मर्यादा १५ वर आणली. किनाऱ्यावर आणखी एक घोटाळा होतो. लाटांच्या तुषारांतून उडालेलें मीठहि कणांच्या वजनांत भरतें. म्हणून कणांचें रासायनिक पृथक्करण केल्यावांचून दोष समुद्राचा किती आणि माणसाचा किती, तें कळत नाहीं.

माहूलचीच गोष्ट घ्या. हा खाडीकांठचा जुना कोळीवाडा. शेजारीं तुर्भ्याच्या बाजूस १९५४ व १९५५ सालीं तेलशुद्धीचे दोन कारखाने उभे राहिले, मागाहून रसायनांच्या टाक्या आल्या. येथील त्रास तक्त्यावर न उमटणाऱ्या वायूंचा होता. रहिवाशांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं माहूल व आंबापाडा येथील हवेपासून आरोग्यास धोका असल्याचें मान्य केलें. तरीहि पुढें तानसा जलवाहिनीलगतचीं घरें पाडून तेथील कुटुंबांना माहूलच्याच इमारतींत आणून ठेवण्यांत आलें. तेथें राहण्याची सक्ती कोणावर करतां येणार नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयास २०१९ सालीं सांगावें लागलें.