ओठ आणि आवाज यांची रुजुवात

बंगळूरच्या दक्षिणेस, सारक्की तळ्याच्या अंगाने वाढत गेलेल्या आणि जयप्रकाश नारायणांचे नाव धारण केलेल्या जे. पी. नगर या वसाहतीत आमचे बिऱ्हाड स्थिरावून आता बरीच वर्षे लोटली. आणि या कानडी मुलखात घरबसल्या मराठी कानावर पडण्याचे आमचे मुख्य साधन म्हणजे टीव्हीला जोडलेली, इंटरनेटवरून चित्रपट आणि कार्यक्रम आणून दाखवणारी तळहाताएवढी पेटी. गेल्या आषाढात तिच्यावर पंढरीच्या वारीचे चित्रण लावले असता माझी वृद्ध आई थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, टाळ आधी वाजतायत आणि आवाज मागनं येतोय. बघ, तोंड मिटल्यावर शब्द येतायत त्यांचे."

मी निरखून पाहिले. टाळकऱ्याच्या हातातले दोन टाळ एकमेकांवर आदळत, पुन्हा विलग होऊ लागत, आणि ते विलग होत असताना त्यांचा नाद खोलीत उमटे. जे मला इतके दिवस जाणवले नव्हते ते तिला जाणवले, कारण अलीकडे तिला कमी ऐकू येते आणि बोलणाऱ्याच्या ओठांवरून ती निम्मे बोलणे उचलते. ही केवळ वार्धक्याची युक्ती नव्हे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली दाखवून दिले की, कानावर 'बा' पडत असताना डोळ्यांसमोरचे ओठ 'गा' म्हणत असतील, तर ऐकणाऱ्यास बहुधा 'दा' ऐकू येते. अर्थात आपण सर्वच जण डोळ्यांनीही ऐकतो. आईला त्याची गरज अधिक, एवढेच. तेव्हा ओठ आणि आवाज यांतील ही तफावत काढून टाकणे हे मला घरातले कर्तव्य वाटले, आणि ते करता करता ध्यानी आले की, चित्र आणि ध्वनी ही जोडी यंत्राच्या हाती गेल्यापासून कधीच आपोआप एकत्र चाललेली नाही; प्रत्येक पिढीत कोणीतरी बसून तिची रुजुवात घातली आहे.

यंत्र येण्यापूर्वी हा प्रश्न नव्हता. कुडाळजवळच्या पिंगुळीचा चित्रकथी एकेक चित्र समोर धरी आणि त्याच श्वासात कथा गाई. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले, तेव्हाही पडद्यावरच्या चित्राला निवेदन आणि गाणे यांची साथ जिवंत माणसेच देत. चित्र रेंगाळले तर निवेदकाची जीभ रेंगाळे. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्या मूकपटांच्या काळातही पडद्यापाशी बसलेला पेटीवाला आणि तबलजी पडद्यावर नजर ठेवूनच हात चालवीत. चित्र आणि नाद यांच्यामध्ये एक सावध माणूस बसलेला होता, तोपर्यंत तफावतीची तक्रार करावी कोणाकडे?

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' प्रकाशित झाला आणि हा मधला माणूस उठून गेला. इराणींनी वापरलेले 'टॅनार' यंत्र चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटवणारे होते. स्टुडिओशेजारून आगगाड्या धावत असल्यामुळे त्या थांबल्यावर, रात्री उशिरा, चित्रण करावे लागे आणि वाजवणारे सेटवरच कुठेतरी दडून बसत. या पद्धतीत ओठ आणि आवाज यांची फारकत होणे कठीण, हे खरे. पण एका फिल्मवर दोघांचा संसार असल्यामुळे संकलकाने चित्र कापले की आवाजही कापला जाई. म्हणून उद्योग स्थिरावताच दोघांसाठी दोन निरनिराळ्या फिल्मी धावू लागल्या, आणि त्या पुन्हा जुळवता याव्यात यासाठी प्रत्येक शॉटच्या आरंभी लाकडी क्लॅप वाजवण्याची चाल रूढ झाली. दोन फळ्या जिथे मिटताना दिसतात ती चौकट आणि ध्वनिपट्टीवर जिथे 'टप्' उमटतो ती जागा, ही दोन टोके संकलनाच्या टेबलावर जुळवली की पुढचा सारा शॉट जुळतो. वारीतल्या टाळकऱ्याचे टाळ मला नेमके हेच काम करीत होते.

मराठी बोलपटाचा आरंभ कोल्हापुरात झाला. १९२९ मध्ये तेथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'अयोध्येचा राजा' १९३२ साली पडद्यावर आला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई खोटे तारामती. ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. पडदे रंगवण्यापासून हयात सुरू केलेल्या या कारागिराने ध्वनीसारखी अदृश्य वस्तू आपल्या कह्यात आणावी, याबद्दल मला फार आदर वाटतो. १९३३ साली प्रभात पुण्यास गेली, तरी कोल्हापूरचे स्टुडिओ ओस पडले नाहीत. आणि येथेच माझ्या आजच्या मुक्कामाचा आणि माझ्या मुलखाचा एक जुना धागा सापडतो. कानडीतला पहिला बोलपट 'सती सुलोचना', वाय. व्ही. राव यांनी दिग्दर्शित केलेला, सुब्बय्या नायडू इंद्रजिताच्या आणि आर. नागेंद्रराव रावणाच्या भूमिकेत असलेला, चित्रित झाला तो कोल्हापुरातल्या छत्रपती सिनेटोनमध्ये. आणि मार्च १९३४ मध्ये तो बंगळुरात सिटी मार्केटनजीकच्या चित्रगृहात लागला. म्हणजे पडद्यावरच्या ओठांतून निघालेली जी पहिली कानडी या शहराने ऐकली, तिची ओठांशी गाठ पंचगंगेकाठी बांधली गेली होती. जे. पी. नगरच्या रस्त्यांवरून जाताना ही गोष्ट आठवली की परकेपणाची भावना पुष्कळ ओसरते.

पण स्टुडिओत बांधलेली गाठ चित्रगृहात सुटू शकत असे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या कडेने जी ध्वनिरेषा छापलेली असते, ती आपल्या चित्राशेजारी नसते. सुमारे वीस चौकटी पुढे असते. याचे कारण मोठे सुंदर आहे. चित्राच्या खिडकीपुढे फिल्म क्षणभर स्थिर व्हावी लागते, सेकंदाला चोवीस वेळा थबकत, झटके घेत ती पुढे सरकते. उलट आवाज वाचणाऱ्या दिव्यापुढून ती एकसारखी, अखंड वाहावी लागते. ही दोन कामे एकाच जागी होणे अशक्य, म्हणून दोहोंमध्ये वीस चौकटींचे अंतर आणि त्या अंतरात फिल्मचा एक सैल वेढा. हा वेढा नेमका किती सैल सोडावा हे ऑपरेटरच्या बोटांना ठाऊक असे. तो दोन-तीन चौकटींनी चुकला की दहाव्या हिश्श्याएवढ्या सेकंदाची तफावत पडे, आणि तंबूतल्या खेळाला शेतावरून आलेला प्रेक्षकसुद्धा अस्वस्थ होऊन मागे वळून पाही. जुनी फिल्म तुटून जोडलेली असे, तेथे आणखी एक चमत्कार घडे: चित्र आधी उडी मारी, आणि आवाजाची उडी सुमारे पाऊण सेकंदाने मागाहून येई, कारण तोच सांधा खिडकीतून निघून ध्वनीच्या दिव्यापर्यंत पोचण्यास तेवढा काळ लागे.

एक तफावत मात्र कोणत्याही ऑपरेटरला मिटवता येत नाही. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे चित्राची एक चौकट सरते तेवढ्या अवधीत तो जेमतेम चौदा मीटर जातो, आणि मोठ्या चित्रगृहात मागल्या रांगेत बसलेल्याला आवाज एक-दोन चौकटी उशिराच मिळतो. त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. वीज आधी दिसते, गडगडाट मागून ऐकू येतो. दूरच्या घाटावर धोबी कपडा आपटतो आणि आवाज नंतर पोचतो. आपल्या इंद्रियांना आवाजाच्या उशिराची जन्मजात सवय आहे, घाईची नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली प्रसारणाकरिता जी शिफारस केली, तिच्या आकड्यांत हीच गोष्ट दिसते: आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच माणसाला तो खटकतो, मागे राहिला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ध्यानात येत नाही. शास्त्रज्ञांनी मोजून काढलेल्या या मर्यादेत मला पावसाळी आभाळाचा दाखला दिसतो.

१९३५ च्या 'धूप छाँव'पासून पार्श्वगायनाची पद्धत आली आणि संबंध उलटा झाला: गाणे आधी मुद्रित, मग त्या गाण्यामागे नटाचे ओठ. पुढे हलके पण खडखडणारे कॅमेरे आले, चित्रणस्थळीचा आवाज निकामी ठरू लागला, आणि सबंध चित्रपटच स्टुडिओच्या काचेआड, पडद्याकडे पाहत, पुन्हा बोलून काढण्याचा प्रघात पडला. या डबिंगमध्ये कसबी नटांनी अद्भुत कामगिरी केली आहे, तशीच बेपर्वाईही पुष्कळ झाली आहे. कानडी चित्रपटांना अशा कामासाठी दीर्घकाळ मद्रासची वाट धरावी लागे. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर तयार झालेले, '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात वाटा उचललेले शंकर नाग यांनी बंगळुरात 'संकेत' हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ उभा केला, तो या परावलंबनावर उपाय म्हणून. १९९० साली अपघातात ते अकाली गेले. त्यांच्या पत्नी अरुंधती नाग, याही मराठी रंगभूमीवर नावारूपाला आलेल्या, यांनी अनेक वर्षे खटपट करून २००४ मध्ये आमच्या जे. पी. नगरच्या दुसऱ्या फेजमध्ये 'रंगशंकरा' हे नाट्यगृह उभारले. खेळ सुरू झाल्यावर तेथे कोणालाही आत सोडत नाहीत. त्या रंगमंचासमोर बसलो की ओठ आणि आवाज एकाच देहातून येतात, आणि या निबंधातली सारी चिंता दारातच गळून पडते.

घरी परतल्यावर मात्र ती पुन्हा उभी राहते, आणि आज तिचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे आहे. पेटीत येणारा चित्रपट म्हणजे चित्राच्या आणि ध्वनीच्या तुकड्यांचे दोन निराळे प्रवाह. प्रत्येक तुकड्यावर, पुष्कळदा सेकंदाचे ९०,००० भाग करून, त्याने केव्हा हजर व्हावे याची वेळ नोंदलेली असते. जुन्या क्लॅपची जागा या मोहोरेने घेतली आहे आणि पेटी तिचा हुकूम बहुधा इमानाने पाळते. पण पेटीतून वेळेवर निघालेल्या त्या दोघांना पुढे निरनिराळ्या वाटा धराव्या लागतात. चित्र टीव्हीत शिरते, तेथे हालचाल अधिक नितळ दिसावी म्हणून संच मधल्या चौकटी स्वतः रचतो आणि त्यासाठी चित्र अडवून धरतो. आवाज वेगळ्या स्पीकरकडे जातो, आणि तो ब्लूटूथने जात असेल तर गुंडाळणे, पाठवणे, उलगडणे यांत सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज खर्च होतो.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे तक्रारीची नीट चौकशी. एकाच चित्रपटात तफावत असेल तर दोष त्या प्रतीचा. सर्वत्र असेल तर घरातल्या जोडणीचा. आरंभी मेळ असून तासाभरात तो सुटत गेला तर मिलिसेकंदांचा आकडा बदलून उपयोग नाही. तेथे पेटी बंद करून पुन्हा सुरू करावी आणि चित्रपटाच्या चौकटींचा वेग व टीव्हीचा वेग जुळवून घेण्याची सोय सेटिंगमध्ये असल्यास ती चालू करावी. तफावत एकसारखी असेल तर पुढे कोण आहे ते ओळखावे. आवाज पुढे असेल तर काम सोपे: ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' वाढवून त्याला थोपवता येते, किंवा टीव्हीचा 'गेम मोड' लावून चित्राचा खोळंबा कमी करता येतो. आवाज मागे असेल तर त्याला ढकलून पुढे नेता येत नाही, त्याच्या वाटेतले अडथळेच काढावे लागतात: ब्लूटूथऐवजी तार, आणि ध्वनी उलगडण्यास वेळ लागत असेल तर 'पीसीएम' हा साधा प्रकार.

आमच्याकडे आवाज मागे होता. मी ब्लूटूथ सोडून दिले, पेटीची एचडीएमआय तार आधी साउंडबारमध्ये आणि तेथून टीव्हीत नेली. आता आवाज चित्राच्या पुढे धावू लागला, कारण तो साउंडबारमध्येच उतरून मोकळा होई आणि चित्र मागाहून टीव्हीत रेंगाळत बसे. आईला पुन्हा समोर बसवले, वारी लावली, आणि डिले वीस-वीस मिलिसेकंदांनी वाढवीत गेलो. चाळिसावर ती म्हणाली, "अजून नाही." साठावर काही बोलली नाही. ऐंशीवर टाळ मिटले त्याच क्षणी वाजले, आणि तिने हात वर करून मला थांबवले. तो आकडा मी हिशेबाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवला आहे.

त्यानंतर आठवड्याभराने तिने सत्तरच्या दशकातला एक चित्रपट लावायला सांगितला. अर्धा तास झाला असेल, नायिकेचे ओठ एक बोलत होते आणि आवाज दुसरेच सांगत होता. मी रिमोट उचलला.

"राहू दे," आई म्हणाली. "ही चूक त्यांच्याकडची आहे. तुझे टाळ बरोबर आहेत."