सातबारा नसलेल्याचं नुकसान

आजचा विषय दुष्काळातली सरकारी मदत. पण मी तो शेतमालकाच्या बाजूनं मांडणार नाही. त्याच्या वावरात निंदायला-वेचायला येणाऱ्या मजुराकडून बघू. दुष्काळ पडला की नुकसान कोणाचं झालं, हे सरकार कशावरून ठरवतं?

इंग्रजी अमलात 1880 च्या दुष्काळ आयोगानं याचं कठोर उत्तर दिलं. सरकारी कामावर येऊन खडी फोडेल त्याला मजुरी, ज्याच्यानं काम होत नाही त्याला खैरात. उन्हात राबायची तयारी हाच गरजेचा पुरावा. याला माणुसकी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडाचे अतोनात हाल झाले. (आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा होता, यवतमाळ हे नाव 1905 चं.) पण एक गोष्ट लक्षात घ्या, कामावर आलेल्याला तुझी जमीन किती, असं कोणी विचारत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. सुकडी आठवते का कोणाला? वि. स. पागे यांनी 1965 मध्येच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा छोटा प्रयोग केला होता. त्यातून पुढे 1977 चा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर होताच; म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराला पैसा. कुदळ तीच, टोपलं तेच, पण आता मजूर काम मागत होता ते हक्कानं. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला हा बदल फार मोठा वाटतो.

पुढे मदत कामावरून खात्यावर गेली, आणि खात्याच्या आधी सातबारा आला. 2005 मध्ये आत्महत्याग्रस्त कुटुंबाला 1 लाख रुपये ठरले, पण जमीन हवी. जुलै 2006 मध्ये विदर्भातल्या 6 जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज आलं. त्यात भर होता कर्जाचं व्याज आणि सिंचनावर. 2018 मध्ये 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आपलेही होते. सवलती बघा: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या बिलात 33.5 टक्के सूट. मजुराच्या वाट्याला टँकर, पोराची परीक्षा फी आणि रोहयोच्या निकषांत शिथिलता. 28 फेब्रुवारी 2024 ला पीएम किसानचा 16 वा हप्ता यवतमाळातूनच सुटला. वर्षाला 6,000 रुपये, पण नावावर जमीन असेल तर. मक्त्यानं, बटईनं करणाराही बाहेरच.

कोणी म्हणेल, मजुरानं पेरलंच नाही, मग त्याचं बुडालं काय? अहो, पाऊस नाही तर तण नाही, तण नाही तर निंदण नाही. कापूस वेचाई किलोवर. बोंडं निम्मी तर मजुरी निम्मी. शेतकऱ्याचं नुकसान हेक्टरात मोजता येतं, तलाठी येऊन पंचनामा करतो. न भरलेल्या दिवसाचा पंचनामा कसा करायचा? त्याला रकानाच नाही. रोजगार हमी आहे, हे खरं. पण साठीतली बाई, जी वेचणी करू शकते, तिला मातीकाम झेपतं का?

पैनगंगेपलीकडे तेलंगणानं 2025 मध्ये भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला वर्षाला 12,000 रुपये द्यायला सुरुवात केली. छत्तीसगडनं त्याआधीच, 2022 मध्ये, अशी योजना काढली होती. तेलंगणाची अट मात्र ऐका: आधीच्या वर्षी रोजगार हमीवर किमान 20 दिवस भरलेले हवेत. आयुष्यभर फक्त दुसऱ्याच्या वावरात निंदलं-वेचलं, तिचं नाव त्या हजेरीपटावर कुठून येणार?