‘सुरत’ या इंग्रजी विशेषणाची कुळकथा

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी बोलभाषेच्या कोशात ‘सुरत’ हा शब्द ‘भेसळीचा, हलक्या प्रतीचा’ या अर्थाने नोंदलेला आढळतो. तापीकाठच्या ज्या बंदराच्या श्रीमंतीपायी शिवाजी महाराजांनी ते 1664 आणि 1670 असे दोनदा लुटले, त्याच्या नावाला हा अर्थ चिकटण्याचे कारण लँकेशायरच्या कापडगिरण्यांत सापडते.

लिव्हरपूलच्या बाजारात पश्चिम हिंदुस्थानातून येणाऱ्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. वास्तविक सुरतेचा व्यापार मुंबईकडे वळून बराच काळ लोटला होता आणि त्या गाठींत भडोचबरोबर खानदेश, वऱ्हाड, धारवाडचाही माल असे. हा देशी कापूस आखूड धाग्याचा, म्हणजे त्याचे तंतू अमेरिकन कापसाच्या तंतूंहून तोकडे असत. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि तिथल्या कापसावर पोसलेल्या गिरण्यांना सुरती गाठींखेरीज फारसा आधार उरला नाही. लांब धाग्यासाठी जुळवलेल्या यंत्रांवर हे सूत वारंवार तुटे, विणकराचा दिवस तुटलेली टोके सांधण्यात जाई आणि मजुरी विणलेल्या कापडावर मिळत असल्याने कमाईही घटे. स्टेलीब्रिजचे कवी सॅम्युअल लेकॉक यांनी अशा विणकराचे गाऱ्हाणे तिथल्या बोलीत मांडले; त्या बोलीत शहराचे नाव ‘शुरत’ असे उच्चारले जाई.

कापसाचे नाव इतर वस्तूंना कसे लागले, हे जॉन कॅम्डेन हॉटन यांच्या कोशातून कळते. त्यांनी 8 मे 1863 च्या ‘द टाइम्स’मधील एका अब्रुनुकसानीच्या खटल्याचा वृत्तांत दिला आहे: एका जाहिरातीत बिअर बनवणाऱ्यांना ‘सुरतवाले’ म्हटले गेले आणि त्यांनी नुकसानभरपाई मागितली. कारखानदार अमेरिकन कापसात सुरती कापूस मिसळू लागल्यापासून लँकेशायरचे लोक कुठल्याही भेसळीच्या मालाला ‘सुरत’ म्हणतात, असा खुलासा त्या वृत्तांतात आहे. म्हणजे या खुलाशाप्रमाणे मिसळणारा हात गिरणीमालकाचा होता आणि नाव मात्र मिसळलेल्या मालाचे गाजले. इकडचा व्यापारही धुतल्या तांदळासारखा नव्हता. गाठींत सरकी, माती, पाणी घालून वजन वाढवण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने त्याच 1863 साली कायदा केला. तरीही आखूड धागा हा त्या कापसाचा जातिधर्म आणि भेसळ हा माणसाचा उद्योग, हा भेद त्या विशेषणाने पुसून टाकला.

1865 मध्ये युद्ध संपले, अमेरिकन कापूस पुन्हा येऊ लागला आणि हा शब्द हळूहळू वापरातून गेला. उत्तर हिंदुस्थानात मात्र याच शहराशी जोडला जाणारा ‘सुरती’ हा शब्द खाण्याच्या तंबाखूसाठी आजही रूढ असून त्यात कमीपणाची छटा नाही.